बोटीतून उतरला तो थेट मैदानात: इसिद्रो लांगराच्या तीन हरवलेल्या वर्षांचा प्रकरण अभ्यास

21 मे 1939, रविवार. ब्युनोस आयर्सच्या बोएदो भागातलं सान लोरेन्सो क्लबचं जुनं मैदान. समोर रिव्हर प्लेट. सान लोरेन्सोचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या फळीत मधोमध खेळणारा, त्याच दिवशी बोटीने शहरात पोहोचला होता. नव्या सहकाऱ्यांबरोबर त्याचा धड एक सरावही झाला नव्हता. सहाच दिवसांपूर्वी त्याने सत्ताविसावं वर्ष पूर्ण केलं होतं. मध्यंतरापर्यंत त्याच्या नावावर चार गोल लागले आणि सान लोरेन्सोने सामना 4-2 असा जिंकला.

हा माणूस म्हणजे इसिद्रो लांगरा. जन्म 15 मे 1912, उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशात, गिपुस्कोआ प्रांतातल्या पासाइआ या बंदराच्या गावी. बास्क सेंटर फॉरवर्डची परंपरा सांगताना लोक पहिल्यांदा पिचिचीचं नाव घेतात, मग अॅथलेटिक बिल्बाओच्या बाताचं, आणि मग उडी मारून थेट तेल्मो सार्रापर्यंत येतात. मधला लांगरा निसटतो. तो कुणापेक्षा कमी होता असं मुळीच नाही. त्याचे गोल तीन देशांच्या तीन वेगळ्या वह्यांत लिहिलेले आहेत आणि कुठलीही एक वही उघडली तरी माणूस अर्धाच दिसतो, हे त्यामागचं कारण.

इथे त्याचं सगळं चरित्र मांडायचं नाही. प्रश्न एकच घेतला आहे: जुलै 1936 मध्ये त्याची लीग बंद पडली, राष्ट्रीय संघ बंद पडला, क्लबचं मैदान युद्धात गेलं. ज्या वयात फॉरवर्ड सर्वांत चांगला खेळतो त्या वयातल्या तीन वर्षांत, शेवटचा एक हंगाम सोडला तर, त्याला एकही नेहमीची स्पर्धा मिळाली नाही. मग मे 1939 मध्ये तो तयार कसा होता?

युद्धापर्यंतची जमा

लांगरा तोलोसाच्या क्लबातून 1930 मध्ये आस्तुरियास प्रांतातल्या रेआल ओव्हिएदोकडे आला. ओव्हिएदो तेव्हा दुसऱ्या विभागात होतं. 24 एप्रिल 1932 ला शहराच्या नव्या बुएनाव्हिस्ता मैदानाचं उद्घाटन स्पेन विरुद्ध युगोस्लाव्हिया या सामन्याने झालं. स्पेनने तो 2-1 जिंकला. लांगराचा हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना आणि त्यात त्याचा गोलही आहे. दुसऱ्या विभागातला खेळाडू देशाच्या संघात घेतला गेला, यावरून त्याच्याबद्दल काय मत होतं ते कळतं.

1933 मध्ये ओव्हिएदो पहिल्या विभागात चढलं. पुढचे तिन्ही हंगाम, म्हणजे 1933-34, 1934-35 आणि 1935-36, लीगमध्ये सर्वाधिक गोल लांगराचेच. प्रत्येक हंगामाचा आकडा मोजणाऱ्यागणिक एखाद-दुसऱ्या गोलाने बदलतो, पण तिन्हींची बेरीज 80 च्या आसपास जाते. आता सामने मोजा. पहिल्या हंगामात दहा संघ, म्हणजे 18 सामने. पुढच्या दोन हंगामांत बारा संघ, म्हणजे प्रत्येकी 22. एकूण 62. लांगराने एकही सामना चुकवला नाही असं धरलं तरी दर सामन्याला सव्वाच्या वर गोल पडतात. त्यात ओव्हिएदो काही माद्रिद किंवा बिल्बाओसारखा बलाढ्य संघ नव्हता. डोंगराळ, पावसाळी, कोळसाखाणींच्या प्रांतातला, नुकताच वर आलेला क्लब. लांगरा असताना तो 1934-35 आणि 1935-36 असे लागोपाठ दोन हंगाम तिसरा आला.

ओव्हिएदोच्या त्या आघाडीच्या फळीला लोक ‘विजेची फळी’ म्हणत. कासुको, गाल्यार्त, लांगरा, एर्रेरिता, एमिलिन. चेंडू बाजूने येई, आत येई, आणि लांगरा तो फारसा न अडवता मारे. ड्रिबलिंग करत तीन-चार जणांना चकवणं हा त्याचा खेळ नव्हताच. त्याची खरी ताकद जोरदार फटक्यात होती आणि तो फटका मारायला त्याला तयारी कमी लागायची. चेंडू थांबवा, पाय जुळवा, मान वर करा, मग मारा, या चार पायऱ्यांपैकी मधल्या दोन तो गाळत असे.

त्या काळच्या चेंडूचा विचार केल्याशिवाय या फटक्याचं मोल कळत नाही. चामड्याचे तुकडे शिवून केलेला, वर वादीची शिवण असलेला चेंडू. नियमानुसार त्याचं कोरडं वजन 13 ते 15 औंस, आणि 1937 पासून 14 ते 16 औंस, म्हणजे जवळपास 400 ते 450 ग्रॅम. पण हे वजन सामना सुरू होतानाचं. चामडं पाणी पितं. आस्तुरियासच्या चिखलात तासाभराने तोच चेंडू चांगलाच जड व्हायचा आणि लांबून मारलेले फटके वाटेतच मरायचे. अशा चेंडूला धाव न घेता गोलापर्यंत पोहोचवणारा पाय दुर्मिळ. शिवाय हे कौशल्य एखाद्या संघाच्या ठरावीक चालींवर अवलंबून नसतं. खेळाडू ते आपल्याबरोबर कुठेही नेऊ शकतो. पुढच्या सगळ्या प्रकरणात हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा.

स्पेनसाठी 12 सामने, 17 गोल. 11 मार्च 1934 ला माद्रिदमध्ये पोर्तुगालविरुद्ध 9-0, त्यात लांगराचे पाच. आठवड्याने लिस्बनमध्ये 2-1, दोन्ही गोल त्याचे. विश्वचषकात 27 मे 1934 ला जेनोव्हात ब्राझीलविरुद्ध 3-1, पुन्हा दोन. चार दिवसांनी फ्लोरेन्समध्ये यजमान इटलीशी जादा वेळ धरून 1-1 अशी बरोबरी झाली. तो सामना इतका धसमुसळा झाला की दुसऱ्याच दिवशीच्या फेरसामन्यात स्पेनला सात बदल करावे लागले. गोलकीपर सामोरा बाहेर, लांगराही बाहेर. इटली 1-0 ने जिंकली. पात्रता फेरी धरून त्या विश्वचषकात लांगरा चार सामने खेळला आणि त्याने नऊ गोल केले. मे 1935 मध्ये कोलोनला जर्मनीविरुद्ध स्पेन 2-1 जिंकलं, तेही दोन्ही गोल त्याचे.

म्हणजे जुलै 1936 मध्ये तो चोवीस वर्षांचा होता आणि युरोपातल्या पहिल्या दोन-तीन सेंटर फॉरवर्डमध्ये त्याला धरायला कुणाची हरकत नसावी.

काय काय गेलं

स्पेनचं यादवी युद्ध, प्रजासत्ताक सरकार विरुद्ध जनरल फ्रँकोची बाजू, जुलैच्या मध्याला पेटलं. लीगचे पुढचे तीन हंगाम झालेच नाहीत. मे 1936 मध्ये स्वित्झर्लंडशी खेळल्यानंतर स्पेनचा पुढचा अधिकृत सामना थेट जानेवारी 1941 मध्ये झाला, आणि 1938 च्या विश्वचषकात स्पेन नव्हतंच. ओव्हिएदो शहराला वेढा पडला. बुएनाव्हिस्ता मैदानाची इतकी नासधूस झाली की 1939-40 ला लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा क्लबला एक हंगाम न खेळण्याची सवलत द्यावी लागली आणि त्याचे खेळाडू तात्पुरते इतर क्लबांकडे गेले.

फॉरवर्डच्या बाबतीत अशा खंडाचा तोटा तीन ठिकाणी होतो. पहिला धावण्याच्या दमात, पण तो भरून निघतो. दुसरा वेळेच्या अंदाजात: क्रॉस (बाजूने आत मारलेला चेंडू) कधी सुटेल, बचावपटू कधी पाय घालेल, हे फक्त खऱ्या सामन्यांतूनच शाबूत राहतं. तिसरा तोटा कागदाचा. नोंदणी कुठल्या महासंघाकडे, परवानगी कुणाची, हे अडलं की बाकी सगळं असूनही खेळाडू प्रेक्षकांत बसतो. लांगराचे पहिले दोन तोटे एका दौऱ्याने टाळले. तिसऱ्याने मात्र त्याला जवळजवळ दोन वर्षं छळलं.

बास्क संघाचा दौरा

ऑक्टोबर 1936 मध्ये बास्क स्वायत्त सरकार स्थापन झालं. त्याचे प्रमुख होसे आन्तोनियो आगिरे यांनी गेर्निकाच्या ओक वृक्षाखाली शपथ घेतली. आगिरे तरुणपणी स्वतः अॅथलेटिक बिल्बाओकडून खेळले होते. बास्क फुटबॉलपटू परदेशात पाठवायचे, सामन्यांच्या तिकिटांतून निर्वासितांसाठी पैसा उभा करायचा आणि बास्क प्रदेशाचं नाव जगापुढे ठेवायचं, हा बेत असा फुटबॉल जाणणाऱ्या सरकारातून निघाला. संघाचं नाव ‘एउस्कादी’.

संघ कागदावर वाचला तरी छाती दडपते. गोलमध्ये ब्लास्को. मागे आरेसो आणि आएदो, म्हणजे 1934-35 च्या लीग-विजेत्या बेतिस क्लबची बचाव-जोडी जशीच्या तशी. मध्ये सिलाउरेन, मुगेर्सा आणि कोवळा सुबिएता. या सुबिएताने सतराव्या वर्षी स्पेनसाठी पदार्पण केलं होतं आणि सर्वांत तरुण खेळाडूचा तो विक्रम 2021 मध्ये गावीने मोडेपर्यंत टिकला. पुढे कर्णधार लुईस रेगेइरो, इरारागोरी, डाव्या बाजूला गोरोस्तिसा आणि मध्ये लांगरा. रेगेइरो, इरारागोरी, गोरोस्तिसा आणि लांगरा हे चौघे 1934 च्या विश्वचषकातले एकत्र खेळलेले. म्हणून या संघाला जुळवून घ्यायला वेळ लागला नाही. क्लब गेला तरी लांगराच्या आजूबाजूला त्याला ओळखीचे पास देणारे पाय राहिले. त्याच्या पुनरागमनाचं श्रेय वाटायचं झालं तर मोठा हिस्सा मी या इनसाइड फॉरवर्डना, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या दोन्ही बाजूंना खेळणाऱ्या रेगेइरो आणि इरारागोरीला देईन.

पहिला सामना 26 एप्रिल 1937, पॅरिसचं पार्क दे प्रांस, समोर तिथलाच रेसिंग क्लब. एउस्कादी 3-0, तिन्ही गोल लांगराचे. त्याच दिवशी जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निकावर बॉम्ब टाकले. ज्या गावात सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या सरकारने शपथ घेतली, ते गाव जळत होतं आणि पोरं पॅरिसमध्ये खेळत होती. दौऱ्याचा अर्थ त्या दिवसापासूनच बदलला. निधी जमवून घरी परतायचं, असं ठरलेलं होतं. आता परतायला घर उरेल का, हाच प्रश्न होता.

फ्रान्स, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड करत संघ जूनमध्ये मॉस्कोला पोहोचला. 19 जूनला बिल्बाओ फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडलं. पाच दिवसांनी, 24 जूनला, त्यांचा पहिला सोव्हिएत सामना होता.

मॉस्कोत लांगराला अडवलं कुणी

सोव्हिएत भूमीवर एउस्कादीने नऊ सामने खेळले: सात विजय, एक बरोबरी, एक पराभव. लोकोमोतिव्हला 5-1. दिनामो मॉस्कोला 2-1, मग दिनामोभोवती जमवलेल्या मोठ्या संघाला 7-4. लेनिनग्राडच्या निवड संघाशी 2-2. पुढे कीव, त्बिलिसी आणि मिन्स्कमध्ये विजय. पराभव फक्त स्पार्ताककडून, 8 जुलै 1937 ला, 6-2.

हा एक पराभव सातही विजयांपेक्षा जास्त शिकवतो, म्हणून इथे जरा थांबू.

1925 मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये आधी तीन प्रतिस्पर्धी असावे लागत, आता दोन पुरेसे झाले. फॉरवर्डना एकदम जागा मिळाली. इंग्लंडमध्ये उत्तर निघालं ते असं: मधल्या फळीतला सेंटर हाफ मागे ओढायचा आणि दोन फुलबॅकांच्या (सर्वांत मागच्या बचावपटूंच्या) मध्ये तिसरा बचावपटू म्हणून उभा करायचा. सोव्हिएत युनियन तेव्हा फिफाचा सदस्य नव्हता, बाहेरच्या तगड्या व्यावसायिक संघांशी त्यांचे सामने फार थोडे होत. त्यामुळे तिथे जुनी 2-3-5 ची (दोन बचावपटू, तीन मधले, पाच पुढचे) रचनाच चालू होती. तिच्यात सेंटर हाफ हा संघाचा सूत्रधार. तो चेंडूमागे पुढे जातो आणि प्रतिस्पर्ध्याच्या सेंटर फॉरवर्डवर कायम नजर ठेवणं हे कुणा एकाचं काम नसतं.

बास्क संघ आघाडीला इंग्रजी डब्ल्यू अक्षराचा आकार देत असे. दोन विंगर (कडेने खेळणारे फॉरवर्ड) आणि लांगरा पुढच्या टोकांवर, दोन्ही इनसाइड फॉरवर्ड जरा मागे. सोव्हिएत फुलबॅक विंगरकडे ओढले गेले की मधली पट्टी मोकळी. तिथे, तयारी न करता फटका मारणारा माणूस. पहिल्या सामन्यात पाच आणि पुढे एकदा सात गोल पडले, त्याचं मूळ इथे होतं.

स्टारोस्टिन बंधूंच्या स्पार्ताकने दुखणं ओळखलं. त्यांनी इतर क्लबांतून खेळाडू आणून संघ भरभक्कम केला, पण महत्त्वाची गोष्ट वेगळी होती: सेंटर हाफ मागे आला. लांगराला पहिल्यांदाच एक कायमची सावली लागली. 2-2 अशी बरोबरी असताना रेफरीने स्पार्ताकला वादग्रस्त पेनल्टी दिली. बास्क खेळाडू चिडून मैदानाबाहेर गेले, समजूत घातल्यावर परत आले, आणि मग सामना हातातून सुटला. 6-2 या आकड्यात पेनल्टीचा आणि त्यानंतर मोडलेल्या मनाचा मोठा वाटा आहे, हे खरं. पण तोवरही लांगराला आधीसारखी जागा मिळाली नव्हती. या दौऱ्यानंतर सोव्हिएत क्लब झपाट्याने तिसऱ्या बचावपटूकडे वळले. एका फॉरवर्डच्या धाकाने अख्ख्या देशाची रचना बदलायला लागली असं म्हणणं थोडं जास्त होईल. चार नामवंत फॉरवर्ड एकत्र होते म्हणून ते झालं. पण त्या चौघांच्या टोकाला लांगराच उभा होता.

अडथळा कागदाचा

उत्तर युरोपातले सामने आटोपून संघ फ्रान्सला परतला आणि तिथे फुटला. गोरोस्तिसा आणि रोबेर्तो एचेव्हारिया यांनी फ्रँकोच्या ताब्यातल्या भागात परत जायचं ठरवलं. बाकीचे 1937 च्या शरद ऋतूत अटलांटिक ओलांडून मेक्सिकोकडे निघाले.

एव्हाना स्पेनमध्ये दोन महासंघ झाले होते, एक प्रजासत्ताकाचा आणि एक फ्रँकोच्या बाजूचा. फ्रँकोच्या बाजूला फिफाची मान्यता मिळत गेली तसा एउस्कादीभोवतीचा फास आवळत गेला. फिफाच्या सदस्य महासंघांनी या संघाशी सामने खेळू नयेत, असा आदेश निघाला. त्याची खरी झळ 1938 मध्ये ब्युनोस आयर्सला लागली. संघ तिथे पोहोचला, शहरातल्या मोठ्या बास्क वस्तीने स्वागत केलं, पण अर्जेंटिनाचा महासंघ परवानगी देईना. दिवसचे दिवस नुसता सराव. सामना नाही म्हणजे तिकीट नाही, तिकीट नाही म्हणजे निधी तर सोडाच, राहण्या-खाण्याचाही प्रश्न. शेवटी मैदानावर न उतरताच त्यांना ते शहर सोडावं लागलं.

दौरा करणाऱ्या संघाचं हे दुखणं समजून घ्यायला हवं. क्लबला लीग असते, लीगला वेळापत्रक असतं. फिरत्या संघाचा प्रत्येक सामना स्वतंत्र परवानगीवर उभा असतो. एक महासंघ नाही म्हणाला की खर्च चालू राहतो आणि उत्पन्न थांबतं.

तोडगा मेक्सिकोत निघाला. 1938-39 च्या हंगामात एउस्कादीला तिथल्या मुख्य स्पर्धेत नेहमीचा संघ म्हणून घेतलं गेलं. आता पाहुणा संघ राहिला नाही, ‘क्लब देपोर्तिव्हो एउस्कादी’ झाला. हंगामाअखेर तो दुसरा आला. विजेता आस्तुरियास हाही मेक्सिकोतल्या स्पॅनिश स्थलांतरितांचाच क्लब. दोन वर्षांनी लांगराला पुन्हा गुणतक्ता, ठरलेले प्रतिस्पर्धी आणि हंगामाची लय मिळाली. मे 1939 च्या तयारीत हा शेवटचा हंगाम निर्णायक होता असं मला वाटतं. नुसत्या मैत्रीपूर्ण सामन्यांवर राहिलेला फॉरवर्ड रिव्हर प्लेटसमोर पहिल्याच दिवशी चार गोल मारत नाही.

ब्युनोस आयर्स, दुसऱ्या वेळी

1 एप्रिल 1939 ला युद्ध संपल्याची घोषणा झाली. एउस्कादी विसर्जित झाला. आधीच्या वर्षी ज्या शहराने संघ म्हणून त्यांना मैदान नाकारलं होतं, त्याच शहरात आता ते एकेकटे, करारावर, अर्जेंटिनी क्लबांचे खेळाडू म्हणून दाखल झाले. सान लोरेन्सोने लांगरा, सुबिएता, इरारागोरी आणि एमिलिन यांना घेतलं. सिलाउरेन रिव्हर प्लेटकडे गेला. रेगेइरो बंधू मेक्सिकोतच स्थायिक झाले.

इथे एक घोळ नेहमी होतो. ओव्हिएदोच्या ‘विजेच्या फळी’तला एमिलिन आणि सान लोरेन्सोत गेलेला एमिलिन ही दोन वेगळी माणसं. पहिला एमिलियो गार्सिया, आस्तुरियासचा. दुसरा एमिलियो आलोन्सो, बास्क, युद्धाआधी माद्रिदकडून खेळलेला. दोघांनाही एकच मानलं की लांगराबरोबर त्याचा ओव्हिएदोचा विंगरही अर्जेंटिनात गेला असा चुकीचा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात त्याच्याबरोबर गेलेली माणसं राष्ट्रीय आणि बास्क संघातली होती.

21 मेचे चार गोल हा योगायोग नव्हता हे पुढच्या आकड्यांनी दाखवलं. 1940 च्या हंगामात लांगराने 33 गोल केले आणि अर्जेंटिनाच्याच रेसिंग क्लबच्या देल्फिन बेनितेस कासेरेसबरोबर सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला. ज्या लीगमध्ये आधीची तीन वर्षं इंदिपेन्दिएन्तेचा आर्सेनियो एरिको पहिला येत होता, त्या लीगमधली ही कामगिरी आहे. सान लोरेन्सोसाठी लांगराचे एकूण 121 सामन्यांत 110 गोल धरले जातात, म्हणजे सामन्याला 0.91. ओव्हिएदोच्या दराहून कमी, पण वय 27 ते 31, लीग अनोळखी आणि बचाव तेव्हाच्या जगातला सर्वांत कसलेला.

तुलनेसाठी गोरोस्तिसा

एकाच माणसाच्या प्रकरणावरून निष्कर्ष काढताना एक जोडीदार शेजारी ठेवावा. इथे तो आयता मिळतो. गोरोस्तिसा आणि लांगरा, दोघे बास्क, दोघे लीगचे सर्वाधिक गोल करणारे, दोघे एकाच दौऱ्यावर. 1937 मध्ये वाटा फुटल्या. गोरोस्तिसा परतला, युद्धानंतर व्हालेन्सियाकडे गेला, 1941-42 आणि 1943-44 च्या विजेतेपदांत खेळला आणि 1941 मध्ये पुन्हा स्पेनचा शर्ट घातला. लांगराने यांपैकी काहीच मिळवलं नाही. राष्ट्रीय संघात तो चोविसाव्या वर्षानंतर कधीच खेळला नाही. 12 सामन्यांवर गाडी थांबली.

याच्या बदल्यात लांगराला काय मिळालं? 1943 मध्ये तो मेक्सिकोच्या रेआल क्लब एस्पान्याकडे गेला. मेक्सिकोत तेव्हाच व्यावसायिक लीग सुरू होत होती. 1943-44 मध्ये 27 गोल, लीगमध्ये पहिला. 1944-45 मध्ये क्लबला विजेतेपद. 1945-46 मध्ये सोळा संघांची, तीस सामन्यांची लीग आणि लांगराचे 40 गोल, पुन्हा पहिला. स्पेन, अर्जेंटिना, मेक्सिको: तीन देशांच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा तो पहिलाच. कुणाचं आयुष्य जास्त सुखाचं झालं हे आकडे सांगत नाहीत. पण फुटबॉलपुरतं बोलायचं तर परतलेल्या माणसाला चषक आणि देशाचा शर्ट मिळाला, बाहेर राहिलेल्याला गोल मिळाले.

मोजताना काय चुकतं

लांगराचे आकडे गोळा करणाऱ्याने चार ठिकाणी सावध राहावं. स्पेनमध्ये लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला जो ‘पिचिची’ चषक मिळतो, तो ‘मार्का’ या क्रीडा वृत्तपत्राने 1952-53 च्या हंगामापासून द्यायला सुरुवात केली. नाव अॅथलेटिकच्या राफाएल मोरेनो आरान्सादी ऊर्फ पिचिचीचं, जो 1922 मध्ये एकोणतिसाव्या वर्षी वारला. आधीच्या हंगामांच्या मानकऱ्यांची नावं मागाहून जोडली गेली. म्हणून ‘लांगराने 1934 मध्ये पिचिची चषक स्वीकारला’ असं वाक्य दिसलं तर ते चूक आहे. त्याने गोल सर्वाधिक केले, चषक तेव्हा अस्तित्वातच नव्हता. आणि त्याचे हंगामी आकडे स्रोतागणिक एकाने का बदलतात तेही यातूनच कळतं: त्या वेळी अधिकृत नोंद ठेवण्याची गरज कुणाला वाटली नव्हती, नंतर वर्तमानपत्रांतून गोल मोजले गेले, आणि गर्दीत कुणाच्या पायाला लागून चेंडू आत गेला यावर दोन बातमीदारांचं एकमत होत नसे.

दुसरं, एस्पान्या हे मेक्सिकोच्या क्लबचंही नाव आहे. ‘एस्पान्यासाठी 40 गोल’ म्हणजे देशासाठी नव्हे. तिसरं, एउस्कादीच्या दौऱ्यातले गोल. तो संघ कुठल्याही महासंघाचा अधिकृत राष्ट्रीय संघ नव्हता, त्यामुळे हे गोल आंतरराष्ट्रीय आकड्यात धरता येत नाहीत. पण मैत्रीपूर्ण म्हणून कचऱ्यात टाकणंही अन्यायाचं, कारण मॉस्कोतले सामने मैत्रीपूर्ण म्हणावेत असे नव्हतेच. त्यांचा वेगळा रकाना करावा. चौथं, 1938-39 चा मेक्सिकन हंगाम दौऱ्याच्या रकान्यात ढकलू नये. ती लीग होती.

पुन्हा ओव्हिएदो

1946 मध्ये चौतिसाव्या वर्षी लांगरा ओव्हिएदोत परतला. जाताना तो क्लबचं सर्वस्व होता. परतला तेव्हा पहिल्या विभागाचे बचाव बदललेले, मैदानावरची पिढी बदललेली. पहिल्याच हंगामात त्याने 18 गोल केले. 1948 मध्ये तो थांबला, पुढे प्रशिक्षक झाला, 1951 मध्ये चिलीच्या उनियोन एस्पान्योलाला विजेतेपद मिळवून दिलं. 21 ऑगस्ट 1992 ला गिपुस्कोआतल्याच आन्दोआइनमध्ये, जन्मगावापासून थोड्याच अंतरावर, तो ऐंशीव्या वर्षी वारला.

स्पॅनिश पहिल्या विभागाच्या वहीत त्याच्या नावासमोर 90 सामने आणि 104 गोल आहेत. ही नोंद वाचताना एवढंच ध्यानात ठेवावं की 1936 च्या वसंतातल्या त्यातल्या एका गोलाच्या आणि लगेच पुढच्या गोलाच्या मध्ये दहा वर्षांहून जास्त काळ गेला, आणि त्या काळात तो दुसऱ्या दोन देशांत सर्वाधिक गोल करत होता.